पाच रिकामे लेअर

तुम्हाला माहीत होतं.

फाइल पाठवली तेव्हाच माहीत होतं. त्यातले पाच लेअर तुम्हीच कुलूप लावून ठेवले होते, आणि तरीही ते काम माझ्या बहिणीच्या गळ्यात मारलंत.

तुमची प्रकाशनसंस्था मोठी आहे म्हणून मी नाव घेत नाही, अशा भ्रमात राहू नका. वकिलाने हात धरून ठेवलाय म्हणून घेत नाही.

बाकी ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी इथूनच परत फिरावं. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. रचून सांगायला मला जमत नाही. जमलं असतं तर यात काळोखी रात्र घातली असती. ती नाही. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. खोलीत लख्ख उजेड होता...

धाकट्या बहिणीला आम्ही घरात ठिपकी म्हणतो. लहानपणी हातात पेन आलं की ही दिसेल त्याला डोळे काढायची. भिंतीला, बटाट्याला, झोपलेल्या बाबांच्या टकलाला. दोन ठिपके दिले की झालं, वस्तू बघायला लागायची. मोठेपणी तेच तिचं पोट भरायचं काम झालं. राक्षस, चेटकिणी, पंखवाले साप... पुस्तकांची मुखपृष्ठं, खेळांचे पत्ते. नोकरी नाही. ज्याचं काम येईल त्याचं करायचं.

तिसऱ्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली हा तिचा स्टुडिओ. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, सावल्या जागा सोडत नाहीत. टेबलावर भला मोठा स्क्रीन, त्यावर पेनाने थेट काढायचं. कपाटावर मातीची मुंडकी मांडलेली. नाकाची सावली कुठे पडते हे अंदाजाने कळत नाही, म्हणून ती आधी डोकं मातीत घडवते आणि दिवा फिरवून बघते.

आणि मॉडेल म्हणजे आमची आई.

"आजवर हिने मला तीनदा चेटकीण केलंय, दोनदा राक्षस," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "राणी करायची वेळ आली की हिला शेजारीण आठवते."

तुमच्या कलाप्रमुखाचा फोन आला तेव्हा आई तिथेच बसली होती.

"मॅडम, चित्र जवळजवळ तयार आहे. धुकं, पायऱ्या, दार, दारात पहारेकरीण. फक्त चेहरा राहिलाय."

"सर, आधीच्या चित्रकाराने का नाही केला?"

"त्यांना जमलं नाही."

"मग मी सगळंच नव्याने काढते ना. दुसऱ्याच्या चित्रात हात घालायला मला नाही आवडत."

"नको, नको! फाइल आमच्या सर्व्हरवरच राहील. तिथेच उघडून काम करा. आणि मॅडम... चेहरा खऱ्या माणसावरून घ्या. मनाने नको."

कोणताही शहाणा कलाप्रमुख हेच सांगतो. म्हणून ते तिला खटकलं नाही.

तिने फाइल उघडली. चित्र देखणं होतं, त्यात वाद नाही. पण टोपडं ओढलेल्या त्या बाईच्या चेहऱ्याच्या जागी नुसता डाग होता. घासून घासून पुसल्यासारखा.

लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. धुकं एकावर, दार दुसऱ्यावर. त्या यादीत अगदी वर पाच लेअर होते. कुलूपबंद. रिकामे.

चेहरा १. चेहरा २. चेहरा ३. चेहरा ४. चेहरा ५.

कोणीतरी आवरायचं विसरलं असेल, असं म्हणून ठिपकीने वर एक नवा घेतला आणि त्याला नाव दिलं.

चेहरा ६.

मंगळवारी सकाळी आई डोक्यावरून चादर घेऊन स्टुलावर बसली. दिवा खालून, डावीकडून. चाळीसेक फोटो निघाले.

"हनुवटी वर कर. हसू नकोस गं."

"या अवतारात हसू येणार नाही तर काय येणार?"

मग ठिपकी कामाला लागली. आधी सगळं करड्या रंगात. उजेड आणि सावली नीट बसली की वरून पातळ रंग चढवायचे, ही तिची पद्धत. मधूनच खुर्ची मागे ढकलून डोळे किलकिले करून बघायचं. चित्रातले डोळे मात्र ती कायम शेवटी करते, आणि बुबुळातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी. तो पडला की चित्र जिवंत होतं. त्याआधी नाही.

सव्वातीनला तिने नाकाशेजारचा तीळ काढला. आईची खूणच ती.

दहा मिनिटांनी आई चहा घेऊन आली.

"बघ गं जरा. माझा तीळ पडला की काय?"

ठिपकीने मान वर केली...

नाकाशेजारी काहीच नव्हतं. डाग नाही, खरचटलेलं नाही. गुळगुळीत गाल.

"जन्माचा तीळ असा पडतो होय?" ठिपकी म्हणाली.

"पडला तर पडला. सुंदर झाले ना? आता तरी राणी कर."

दोघी हसल्या. तेव्हा हसल्या.

बुधवारी तिने कान केला. टोपड्याच्या कडेतून डावा कान डोकावत होता. पातळ पाळीतून उजेड आरपार येतो तेव्हा ती आतून लालसर दिसते. तो लालसरपणा साधला म्हणून ठिपकी खूश होऊन स्वयंपाकघरात गेली.

"आई, बघायला ये."

आई डावी बाजू दाराकडे करून भाजी चिरत राहिली.

"आई."

सुरीचा आवाज... फक्त सुरीचा आवाज.

"आई!"

ती उजवीकडून गेली तेव्हा आई दचकली. "काय हे, चोरासारखी येतेस! हाक मारायला काय होतं तुला?"

कानाच्या डॉक्टरने संध्याकाळी नळी घालून बघितलं. पडदा चांगला, आत मळसुद्धा नाही. "पण या कानाला काहीच ऐकू येत नाहीये," म्हणाला.

रात्री ठिपकी मला फोनवर एवढंच म्हणाली, "दादा, उद्या येऊन जा."

गुरुवारी मी पोचायच्या आधीच ती स्क्रीनसमोर बसली होती. चित्र फार वेळ बघितलं की डोळ्याला त्याची सवय होते, चुका दिसेनाशा होतात. म्हणून चित्रकार ते आरशासारखं उलटं करून बघतात. एक कळ दाबायची. तिला वाटलं, कुठेतरी चूक असेल. नुसती चित्रातली चूक.

तिने कळ दाबली.

पायऱ्या डावीकडच्या उजवीकडे गेल्या. दार फिरलं. धुकं फिरलं.

चेहरा फिरला नाही.

तो होता तिकडेच तोंड करून होता. खोलीच्या दाराकडे... जिथे आई उभी होती.

डोळे अजून काढलेलेच नव्हते. तरी तो बघत होता.

ठिपकीने घाईघाईने खोडरबर घेतलं आणि तीळ पुसला. चित्रातला गेला की आईचा परत येईल, एवढाच हिशेब.

आला नाही. तिकडून गेला, इकडेही आला नाही. तीळ कुठेच राहिला नाही.

मी गेलो तेव्हा ती चित्राचा खालचा कोपरा मोठा करून बघत होती. तिथे धुक्यात आधीच्या चित्रकाराची बारीक सही होती. ओळखीपाळखीतून नंबर काढला. फोन स्पीकरवर ठेवला.

"ती पायऱ्यांची फाइल ना?" तो लगेच म्हणाला. "कोणाला बसवलंत?"

"आईला."

"मी वडिलांना बसवलं होतं." "काही पुसलंय का तुम्ही?"

"तीळ. फक्त तीळ."

"बाकी काही पुसू नका. मला वाटलं, पुसलं की सुटलो. मी सगळा चेहराच पुसला. डोळ्यांसकट..."

मागे काहीतरी वाजलं.

टक... टक... टक... भिंतीवर काठी.

"बाबा, तिकडे नाही," तो हळूच म्हणाला. "दार उजव्या हाताला आहे."

फोन कट झाला. परत लावला तर लागला नाही.

तेव्हापासून ठिपकी त्या चित्राला हात लावत नाही. पुसायचं नाही, पुढे न्यायचं नाही. तिने तुम्हाला सरळ लिहिलं : हे चित्र असंच थांबवा, मला कामही नको आणि नावही नको.

दोन ओळींचं उत्तर आलं. "हरकत नाही, मॅडम. फक्त डोळेच राहिलेत. ते आम्ही इकडे करून घेऊ."

कोणाकडून करून घेणार?

परवा दुपारी मी त्या खोलीत एकटाच होतो. फाइल उघडी होती. चेहरा ६ ला आता कुलूप लागलंय. ठिपकीने लावलेलं नाही, मला तर त्यातलं ओ की ठो कळत नाही. टेबलावरचं पेन जागेवर होतं. मी त्याला बोटही लावलं नव्हतं.

आणि स्क्रीनवर ब्रशचं छोटं गोल वर्तुळ आलं...

तुमच्या बाजूने कोणीतरी फाइल उघडली होती. नाव दिसत नव्हतं. वर्तुळ पायऱ्या चढल्यासारखं सावकाश वर सरकलं. दारापाशी आलं. टोपड्यापाशी आलं. डाव्या पापणीखाली थांबलं.

तिथेच आहे अजून. हलत नाही, जातही नाही. आम्ही वायर काढून बघितली. परत जोडली तर तिथेच होतं.

आई आता रोज सकाळी उठते आणि कोणी विचारायच्या आत पहिलं वाक्य बोलते, "दिसतंय गं, दिसतंय." थट्टेच्या सुरात म्हणते. ठिपकी तरी तिला घड्याळात किती वाजले ते वाचायला लावते. आज सकाळी आईने घड्याळाकडे बघितलं आणि उत्तर द्यायला अंमळ वेळ लावला.

माझे दोनच प्रश्न आहेत, आणि मला ते वकिलामार्फत विचारायचे नाहीत.

त्या पाच लेअरवर कोणाकोणाचे चेहरे होते, त्या माणसांची नावं सांगा.

आणि आत्ता, या क्षणी, तो ब्रश कोणाच्या हातात आहे?

उत्तर द्या.