डावा काठ उजव्यावर

“पुढचे!”

मी पुढची होते. खिडकीत आधी नुसती वाफ दिसली. मग वाफेतून दोन भुवया. मग... नको, सध्या भुवयांवरच थांबू.

“मासा की बटाटा भरलेली पिरोगी?”

“दोन्ही.”

“दोन्ही म्हणणारी माणसं मला आवडतात.”

“सगळ्यांना हेच सांगता?”

“छे. तुमच्या आधीच्या बाईंनी नुसती कोबीची कोशिंबीर घेतली. त्यांच्याशी हवामानावर बोललो.”

हवामान बोलण्यासारखंच होतं. बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असं मार्चमधलं काहीतरी खिडक्यांवर आपटत होतं. ईस्टरआधीचा उपासाचा शुक्रवार, मांस वर्ज्य, मासा चालतो. नदीकाठचं आमचं अर्धं गाव फायर स्टेशनच्या हॉलमध्ये मासा खायला जमलं होतं.

त्याने माझं सँडविच मेणकागदात गुंडाळलं — इकडून, तिकडून, अंगठ्याने कोपरा आत. त्याच्या हातांना विचार करावा लागत नव्हता. मलाच लागला. किती वेळ बघायचं, याचा.

“बर्नी कॉस्को ना? पाकिटं तपासणाऱ्या?” तो म्हणाला. “मी टोबी. स्टॅनकाकांचा पुतण्या.”

आणि हसता हसता मध्येच थांबला. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

*

मी बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांची जुनी, न उघडलेली पाकिटं तपासते. पाकीट खरंच कधी उघडलं नाही ना, एवढंच सांगायचं. लोकांना गंमत वाटते. पण कुणीतरी आयुष्यभर जपलेलं पाकीट हातात आलं की मी श्वाससुद्धा हळू घेते.

स्टॅन हलुष्का या स्टेशनचे निवृत्त प्रमुख. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी एक पाकीट घेतलं आणि उघडलं नाही. का नाही? “बघू या, जमतं का!” मग ते जमणं हीच त्यांची ओळख झाली. रविवारी ते पाकीट सोडतीत जायचं होतं, नव्या अँब्युलन्ससाठी. ज्याचा नंबर लागेल तो स्टेजवर, सगळ्या गावासमोर ते उघडणार.

“बघ गं पोरी,” पाकीट माझ्या टेबलावर ठेवत ते म्हणाले. “उगाच आपला एक उपचार.”

भिंग. दिवा.

मेणकागद — खरा.
छपाई — खरी.
वास — कार्डांसोबतच्या च्युइंगमचा, गोड, धुळकट, खरा.
मागची घडी —

मागची घडी...

त्या वर्षीच्या पाकिटांत यंत्र उजवा काठ डाव्यावर दुमडायचं. यंत्राला लहर येत नाही. इथे डावा काठ उजव्यावर होता. एका जागी मेण वितळून चकचकीत झालेलं, घरच्या इस्त्रीने होतं तसं. आणि एक कोपरा अंगठ्याने आत खोचलेला.

मी मान वर केली. शेजारी माझ्या सँडविचचा कागद पडला होता. सवयीने मी तो न फाडता सोडवला होता. घड्या अजून ताज्या होत्या.

डावा उजव्यावर. कोपरा आत.

अरे देवा. त्या भुवया.

*

“कॉफी?” तो समोर उभा. डाव्या हातात कप.

“ठेवा.”

“कसं आहे... पाकीट?”

मी सँडविचचा कागद फक्त पाकिटाशेजारी सरकवला. त्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“मी दहा वर्षांचा होतो,” तो हळूच म्हणाला. “फक्त बघायचं होतं. आत माझा आवडता पिचर निघाला. तो ठेवून घेतला, जागी दुसरं कार्ड टाकलं. आणि इस्त्री... काकांनीच वाढवलंय मला. सांगणार कसं?”

“आता सांगा.”

“तुम्ही ‘खरं आहे’ म्हणालात तर कुणाला कळणार आहे?”

“मला.”

“आणि मी नाहीच सांगितलं तर?”

“तर मी सांगेन.” माझा आवाज मलाच कोरडा वाटला. “पण... तुम्ही सांगितलंत तर मला जास्त आवडेल.”

“किती जास्त?”

“टोबी. जा.”

तो गेला. हॉल केवढा लांब वाटला! मला ऐकू काही आलं नाही, नुसतं दिसलं. वाकलेली मान. त्याच्या खिशातल्या पैशांच्या पाकिटातून निघालेलं, कोपरे झिजलेलं कार्ड. काकांचे मोठे हात टेबलावर, हलत नसलेले. भोवतीच्या काट्याचमच्यांचा आवाजही कमी होत गेला, की मलाच तसं वाटलं?

मग काका माझ्याकडे आले. पाकीट उचललं.

“म्हणजे उघडलेलं?”

“हो काका. कागद खरा आहे. पण उघडलेलं.”

ते खुर्चीत बसले. बराच वेळ पाकिटावरून अंगठा फिरवत राहिले. टोबी मागे उभा होता, शाळेत उभं करतात तसा.

“इतकी वर्षं,” काका म्हणाले, “रोज रात्री वाटायचं, आत कोण असेल? आणि गाढवा, तुला माहीत होतं!”

“सॉरी, काका.”

“सॉरी काय सॉरी! निदान सांगायचंस तरी. दोघं मिळून बघत बसलो असतो.”

एवढं म्हणताना त्यांचा आवाज जरा फाटला. मग त्यांनी सगळ्यांदेखत पाकीट फाडलं. आतून गुलाबी च्युइंगमची पट्टी निघाली, कौलासारखी टणक.

“ही तुझी शिक्षा. खायची. आणि रविवारी सोडतीला आपला नेहमीचा डुकराचा हॅम ठेवू. हॅम कुणी उघडून परत चिकटवत नाही.”

*

गाडीची किल्ली सापडत नव्हती. म्हणजे मी शोधत नव्हते.

“बर्नी!”

तो धावत आला. केसांत अर्धा पाऊस, अर्धा बर्फ. हातात मेणकागदाची छोटी पुडी.

“हे तपासून दे.”

‘तुम्ही’ कुठेतरी हॉलमध्येच राहिलं होतं.

पार्किंगच्या दिव्याखाली मी पुडी उलटी केली. डावा काठ उजव्यावर. कोपरा आत. कागद अजून हाताच्या उबेने कोमट.

“काय म्हणतेस?”

“अस्सल,” मी म्हणाले.

“मग? जपून ठेवणार?”

माझ्या घरी कपाटभर पाकिटं आहेत. एकही मी कधी उघडलेलं नाही. आत काय असेल, याचा विचार करत झोपायची मलाही सवय आहे...

मी पुडी फाडली.

आत गुलाबी पट्टीचा अर्धा तुकडा होता. उरलेला अर्धा त्याच्या गालात.

“भयंकर आहे,” तो तोंड वाकडं करत म्हणाला. “एकट्याने संपत नाहीये.”

मी तुकडा तोंडात टाकला. खडूची चव होती, धुळीची, आणि फार उशिरा — थोडीशी गोड.