शेवटची तीन अक्षरं

"अक्षरं मोजून कुणाची बाही नीट बसलीय का?" ताई तोंडातल्या टाचण्यांआडून पुटपुटली.

धाकटीला ऐकू आलं, पण ती आज मशीन सोडून दादाच्या कवितेला भिडली होती. छंदशास्त्र ती रद्दीतल्या पुस्तकांवरून आपलं आपणच शिकलेली. नव्यानं शिकलेल्या माणसाला दुकानाच्या पाटीतसुद्धा वृत्त दिसतं. कविता दादानं लहानपणी लपाछपीसाठी रचली होती. पुढं तो बोटीवर कामाला गेला आणि बोट परतली नाही. तेव्हापासून या शिवणघरात कुणी ती म्हटली नव्हती, आणि दाराला कडीही लावली नव्हती.

दार उघडे ठेवावे
खुंटीवर निळा शेला
विचारील कुणी तर
म्हणा हळूच...

"आठ, आठ, आठ आणि पाच!" धाकटी हरखली. "ओळ लंगडी आहे, पण कानाला खटकत नाही. कारण उरलेली तीन अक्षरं दादा लपल्या जागेवरून ठोकायचा."

कात्रीच्या मुठीनं ठेका धरत तिनं कविता पुन्हा म्हटली आणि शेवटी हात थांबवला.

टक्. टक्. टक्.

कापडाच्या कपाटातून.

ताईच्या एका हातात कॉलर होती, दुसऱ्यात सुई. आई इस्त्री करत होती. वाफेनं लाकूड तडकतं, असं ताईचं म्हणणं. धाकटीनं कपाट उघडलं, तर आत नुसते तागे. तिनं परत म्हटलं. या वेळी जिन्याखालून. मग दारामागून. दादाच्या लपायच्या सगळ्या जागा, आणि ठेका अगदी तोच. धाकटीचा जीव सुपाएवढा झाला.

"सापडलं! 'म्हणा हळूच तो आला.' मोजून तीन अक्षरं. ताई, आलाय तो."

ताईनं टाचण्या तोंडातून काढल्या.

"'शेला'शी 'आला' जुळत नाही गं," ती म्हणाली, आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या.

टक्. टक्. टक्.

आता आईच्या इस्त्रीच्या टेबलाखालून. लपून कंटाळा आला की दादा तिथंच, तिच्या पायांशी येऊन बसायचा. कुणी हरल्याचं कबूल करेपर्यंत ठोकत राहायचा.

कुणीच वाकून बघितलं नाही.

आईच्या पावलांभोवतीची फरशी ओली होत होती.

आईनं इस्त्री उभी ठेवली. खाली बघत, झोपलेल्या मुलाशी बोलावं तसं तिनं ओळ पुरी केली.

"म्हणा हळूच, तो गेला."