बांधावरून गेलेली गोळी

"पाच वाजता क्लबच्या मंडळात मतदान आहे आणि आत्ता अकरा वाजलेत," वेल्डा क्राउसने दारातच सांगितलं. "तोवर खरं काय ते शोधून दे, ओडेसा. नाहीतर माझी शनिवारची स्पर्धा कायमची बंद."

ओडेसा क्रेलने तिला स्वयंपाकघरातच बसवलं. केंटकीतल्या केटल रन या गावात खाजगी तपासनिसाला ऑफिस थाटणं परवडत नाही. विमा कंपन्यांसाठी जळालेली गोदामं तपासावीत, खोटे दावे पकडावेत, असा तिचा धंदा. तिच्या दिवंगत बहिणीचा नवरा वेंडेल प्यू तिची गाडी चालवायचा, आणि उत्तर मिळून गेल्यावर प्रश्न विचारायचा.

वेंडेलने कॉफी ओतली आणि कोपऱ्यात उभा राहिला. मिस वेल्डाला तो चांगला ओळखत होता. बाईंनी तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि निम्मं गाव त्या बसमध्ये हाताची घडी घालून बसलेलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी नेमबाजी क्लबात नवख्यांसाठी पिस्तुलाची स्पर्धा सुरू केली. एका आडोशापासून दुसऱ्यापर्यंत जायचं आणि पुठ्ठ्याच्या आकृत्यांवर गोळ्या झाडायच्या. मुरलेले लोक हे धावत, घड्याळाशी झुंजत करतात. मिस वेल्डा म्हणायच्या, "चाला. घाई करणाऱ्याला मी घरी पाठवते."

बायको गेल्यानंतर वेंडेल सहा महिने घराबाहेर पडला नव्हता. त्याला हाताला धरून बाहेर काढलं ते या शनिवारांनी. म्हणूनच आज तो मिस वेल्डांची नजर टाळत होता. काल नेमबाजीच्या मैदानाच्या तिसऱ्या कप्प्यात त्याची शेवटची गोळी कुठे गेली, ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"पहिल्यापासून सांग," ओडेसा म्हणाली.

"शुक्रवारी दुपारी मी नवे कोरे पुठ्ठे उभे केले. पाचला फाटकाला कुलूप लावून घरी आले. शनिवारी सातला क्लबात पोचले तोच पाऊस सुरू झाला. लगेच भराभर प्रत्येक पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, कारण ओल्या पुठ्ठ्यावर ठिगळ टिकत नाही. नऊ ते एक स्पर्धा झाली. पाऊस काही थांबला नाही. पुठ्ठे पिशव्यांसकट काढले आणि क्लबच्या शेडमध्ये रचले."

"ठिगळ?"

"प्रत्येकाची पाळी झाली की भोकं मोजायची आणि वर चिकट कागदाचं ठिगळ लावायचं. म्हणजे पुढच्याची भोकं वेगळी कळतात. सगळ्यांनी लावायचं असतं. तो चॅम्पियन कॉर्ड बॅशम तेवढा लावत नाही. महाराज लांब उभे राहून बघतात!"

"बरं, पुढे?"

"दोनला अध्यक्ष लेथम आला. शेजारच्या ऑटिंगरच्या गवताच्या शेडला गोळीचं भोक पडलंय, म्हणाला. सरळ आमच्या क्लबच्या शेडमध्ये गेला, तीस पुठ्ठ्यांच्या चळतीतून एक ओढला, पिशवी फाडून फेकली आणि माझ्या नाकासमोर धरला. वरच्या कोपऱ्यात भोक आणि त्यावर ठिगळ. म्हणे, नवख्याची गोळी गोळ्या अडवणाऱ्या बांधावरून गेली आणि मी ठिगळ लावून ती लपवली!" बाईंचा आवाज चढला. "माझ्या बसमधून तीस वर्षांत एका पोराला खरचटलं नाही, ओडेसा. आणि हा मला लपवाछपवी शिकवतोय!"

ओडेसाने सपाता काढून बूट चढवले आणि तिघंही गाडीने निघाले.

गस ऑटिंगर क्लबच्या मातीच्या बांधापलीकडे शेळ्या पाळायचा. शेडच्या पत्र्याला बोटभर भोक होतं.

"काल दुपारी दिसलं," तो म्हणाला. "लेथमला फोन केला. तो म्हणाला, नवख्यांचं काम, मी बघतो."

"गोळीचा आवाज ऐकलास?"

"बाई, बांधापलीकडे दिवसभर तेच तर ऐकतो! फक्त शुक्रवारी संध्याकाळी नव्हतो. जत्रेत माझ्या बोकडाला बक्षीस होतं. अख्ख्या गावाला माहीत आहे ते."

"क्लब बंद व्हावा असं वाटतं?"

"मला वाटतं, माझ्या शेळ्या जिवंत राहाव्यात." त्याने फाटक धाडकन लावून घेतलं.

"हाच असेल," गाडीत बसता बसता वेंडेल म्हणाला. "स्वतःच भोक पाडलं असेल."

"आणि कुलूपबंद क्लबात जाऊन पुठ्ठ्यालाही पाडलं? मिस वेल्डा, किल्ल्या कोणाकडे आहेत?"

"माझ्याकडे, लेथमकडे आणि बॅशमकडे. बस्स."

बॅशम त्यांना क्लबातच भेटला. पहिल्या कप्प्यात सराव चालला होता. गोळ्या झाडून झाल्यावर त्याने पुठ्ठा तसाच चाळण होऊन सोडला आणि दुसऱ्याकडे वळला.

"नवखे मला नकोच आहेत," तो हसत म्हणाला. "शनिवारी सगळी जागा अडवतात. पण त्यासाठी शेजाऱ्याच्या छपरावर गोळी झाडायला मी वेडा नाही. माझा परवाना जाईल, पदकं जातील."

"भोकं बुजवत नाहीस तू?"

"ठिगळं लावायला नवखे आहेत ना!"

मिस वेल्डांनी दातओठ खाल्ले. बॅशमने खांदे उडवले. "आणि लेथमपेक्षा मी बरा, बाई. यंदाचे बावीस नवे सभासद तुमच्या हाताखालचे. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. त्याची खुर्ची डुगडुगतेय, माझी नाही."

क्लबहाउसमध्ये अध्यक्ष ड्वाइट लेथमने पुरावा भिंतीवर टांगला होता. माणूस सत्तरीचा, ताठ, पट्ट्याला ठिगळांची गुंडाळी लटकवलेली. क्लब उभा करणाऱ्यांपैकी तो एकटाच उरला होता, आणि तसं तो दर दहा मिनिटांनी सांगायचा.

"शुक्रवारी इथे आला होतात?" ओडेसाने विचारलं.

"बुधवारनंतर पाय ठेवला नाही. हा क्लब आहे बाई, पाळणाघर नाही. आज शेळ्यांचं छप्पर, उद्या माणूस!" मग त्याने वेंडेलकडे पाहिलं. "हा पुठ्ठा तिसऱ्या कप्प्यातला. तिथे हेही होते. विचारा की, यांच्या सगळ्या गोळ्या कुठे गेल्या."

वेंडेलचे कान लाल झाले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ओडेसा, कदाचित मीच... शेवटची गोळी जरा वर गेली होती गं."

"मग कचऱ्याच्या पिंपात उतर."

"ही शिक्षा आहे का?"

"तपास आहे. लेथमने फाडलेली पिशवी हवी आहे मला. मिस वेल्डा, पिशव्यांवर काही खूण?"

"शाळेच्या डब्यांवर नाव घालतात, तसा आकडा घालते मी. पुठ्ठ्यावर आणि पिशवीवर एकच आकडा."

वेंडेल कंबरेपर्यंत पिंपात गेला. केचप, कॉफीचा चोथा, डोनटची खोकी. अर्ध्या तासाने वर आला तेव्हा त्याच्या हातात चिखलाने बरबटलेली, ठिगळांनी भरलेली पिशवी होती. ओडेसाने ती खिडकीशी धरली, न्याहाळली आणि घडी करून कोटात ठेवली.

"काय दिसलं?" वेंडेलने विचारलं.

"तुझा शनिवार," ती म्हणाली. त्याला काहीच कळलं नाही.

पाच वाजता मंडळाचे चार सभासद लांब टेबलाशी बसले. पाचवा, बॅशम, भिंतीला टेकला होता. ऑटिंगरही शेडच्या नुकसानभरपाईसाठी आला होता. लेथम मतदान पुकारणार तोच ओडेसा पुठ्ठ्यापाशी गेली, खिशातली पेन्सिल काढली आणि पुठ्ठ्याच्या मधोमध खुपसली.

"अहो, पुरावा आहे तो!" लेथम ओरडतच उठला. "काय चाललंय हे? ही तपासाची पद्धत? मंडळाच्या परवानगीशिवाय—"

"थांबा. स्वतःच्या हाताकडे बघा."

सगळ्यांनी पाहिलं. ओरडता ओरडता लेथमने पट्ट्याच्या गुंडाळीतून ठिगळ काढलं होतं, आणि पेन्सिलीच्या भोकावर अंगठ्याने घट्ट दाबलंही होतं. तो तसाच अंगठा टेकवून उभा राहिला.

"चाळीस वर्षांची सवय," ओडेसा म्हणाली. "भोक दिसलं की हात आपोआप जातो. तुम्हीच इथल्या प्रत्येकाला ती लावलीत. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही म्हणा. सिद्ध होतं ते याने." तिने पुठ्ठ्याचाच आकडा असलेली पिशवी उलगडून टेबलावर पसरली. "वेंडेल, काल पाऊस पडत असताना ठिगळं कुठे लावलीस?"

"पिशवीवर. पुठ्ठा तर आत होता."

"मग त्या कोपऱ्यातल्या भोकाचं ठिगळ पुठ्ठ्यावर कसं?"

मंडळी खुर्च्या सरकवून पुढे आली.

"पेन्सिल मी आत्ता खुपसली, ती सोडा. बाकीची सगळी भोकं पिशवीतून आरपार गेलीत आणि त्यांची ठिगळं पिशवीवर आहेत. पण हा कोपरा पिशवीवर अखंड आहे. म्हणजे ही गोळी पिशवी चढायच्या आधी सुटली, कोरड्या, उघड्या पुठ्ठ्यातून. शुक्रवारी पाचनंतर. तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि ऑटिंगर जत्रेत होता. नवखे घरी होते. सगळेच्या सगळे."

वेंडेलने एकदम श्वास सोडला. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने लपवलेही नाहीत.

"किल्ल्या तीन," ओडेसा पुढे बोलत राहिली. "बॅशमने शुक्रवारी गोळी झाडली असती, तर भोक तसंच सोडलं असतं. आजच आम्ही बघितलं, त्याला ठिगळ लावायचा कंटाळा. मिस वेल्डा आपलीच स्पर्धा कशाला बुडवतील? राहिले लेथम. गुडघ्यावर बसून पुठ्ठ्याच्या कोपऱ्यातून, बांधाच्या वरून, ऑटिंगरच्या शेडवर नेम धरला. काम फत्ते. आणि उठल्यावर हाताने, नेहमीसारखं, ठिगळ लावून टाकलं."

"तर्क आहेत नुसते!" लेथम म्हणाला.

"मग तीस पुठ्ठ्यांतून हाच कसा ओढलात? चिखलाच्या, ठिगळांच्या पिशवीतून आतलं भोक दिसत नव्हतं. बुधवारनंतर इथे पाय न ठेवलेल्या माणसाला आकडा कसा ठाऊक? ठिगळ दिसल्यावर स्वतःची चूक लक्षात आली आणि तीच मिस वेल्डांच्या गळ्यात घातलीत."

लेथमने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग आवाज न उतरवता म्हणाला, "हा क्लब मी उभा केला. शेड रिकामं होतं. दोन वर्षांत ही बाई सगळं बस ड्रायव्हर आणि दुकानदारांना वाटून टाकेल. मी गप्प बसून बघायचं?"

"रिकामं?" ऑटिंगर उठला. "माझा धाकटा शुक्रवारी शेळ्यांना चारा घालायला घरीच थांबला होता. गवत काढायला तो त्याच शेडमध्ये जातो, लेथम."

लेथमचा चेहरा पांढरा पडला. तो खुर्चीत बसला. ऑटिंगर शेरिफला फोन करायला बाहेर गेला.

मतदान झालंच. स्पर्धा बंद करण्याच्या बाजूने एकही हात वर गेला नाही. बॅशमचा हातही खिशातच राहिला. मग लेथमची किल्ली आणि सभासदत्व काढून घ्यायचं ठरलं.

किल्ली घ्यायला मिस वेल्डा पुढे झाल्या. लेथमने ती मुठीत दाबून धरली.

"नाचा आता," तो म्हणाला. "चाळीस वर्षं दिली मी इथे. मला हाकलताय?"

"हो," मिस वेल्डा म्हणाल्या. त्यांनी त्याची बोटं एकेक करून उघडली आणि किल्ली काढून घेतली. "शेरिफचं आणि ऑटिंगरचं देणं फेडून झालं, आणि परत यावंसं वाटलं, तर शनिवारी आठ वाजता या. नवख्यांच्या रांगेत उभे राहा. गोळी कुठे जाऊन थांबणार हे ठाऊक असल्याशिवाय चाप ओढायचा नाही, तिथपासून मी स्वतः शिकवीन तुम्हाला."