दुसऱ्या सिलिंडरचा आकडा

सकाळी पावणेसातला फोन वाजला, तेव्हा मावशीच्या तोंडात ब्रश होता.

“मशीन उठत नाहीये,” पलीकडून भाची म्हणाली. पुढे नुसता श्वास.

बत्तीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेल्या बाईला असा श्वास ओळखू येतो. रडून मोकळं झालेलं आणि तरीही मोकळं न झालेलं माणूस असा श्वास घेतं.

“पाण्यात आहेस की बाहेर?”

“बाहेर. काठावर.”

“मग बस तिथेच. येते.”

मावशीला पाणी बादलीपर्यंतच मान्य होतं. पण रिक्षा करून ती जलाशयावर गेली, कारण आज चार वाजता भाचीची चाचणी होती आणि त्या चाचणीवर तिचं पुढचं सगळंच अवलंबून होतं. भाची तरणतलावावर जीवरक्षक होती. महिनाअखेर तलाव बुजवून तिथे वाहनतळ होणार होता. बुडणाऱ्यांपेक्षा गाड्या लावणारे जास्त असतात, हे कारण नोटिशीत नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. जलाशयावर पाण्यातले खेळ करणारी एक मंडळी होती. त्यांच्याकडे एक जागा निघाली. अट एकच: उभ्याने चालवायची जेट स्की ज्याची त्याने आणायची.

वर्षभर मैत्रिणीच्या मशीनवर हात बसवला होता. मैत्रीण मशीनसकट दुसऱ्या गावी गेली. मग भाचीने स्कूटर विकली, खात्यातलं होतं नव्हतं ते काढलं आणि काल एक जुनी जेट स्की घेतली. आणखी एक घेण्याची ऐपत घरात कोणाचीच नव्हती.

बसायला जागाच नसलेलं वाहन माणसं पैसे देऊन का घेतात, हे मावशीला कळलं नव्हतं. वॉर्डात एक खुर्ची मिळावी म्हणून तिने अकरा वर्षं अर्ज केले होते.

भाची ओल्या जाकिटात बसली होती. शेजारी निळं, लांबोडकं मशीन. पुढे दांड्यावर हँडल, मागे पावलं ठेवायला उघडा पाट.

“सुरू होतं?”

“दहातून एकदा. आणि झालं तरी मला ओढत नाही. तासभर मागे लोंबकळले, पाण्यावर येतच नाही. शेवटी इथल्या नावाड्याने दाब मोजायचा मीटर लावला. याला दोन सिलिंडर असतात. पहिल्यात दीडशे निघाला. मग बटण दाबून फुस्सकन हवा सोडली, दुसऱ्यात लावला. साठ.”

“साठ म्हणजे?”

“म्हणजे गेलेला.”

“आणि काल?”

“काल वस्तादांनी मोजला. दोन्हीत दीडशे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

हे वाक्य मावशीने आयुष्यात फार ऐकलं होतं, बहुतेक वेळा चष्मा शोधणाऱ्यांकडून.

वस्ताद म्हणजे पाण्यातल्या इंजिनांचा शहरातला नावाजलेला मेकॅनिक. आठवडाभर तो भाचीला मशीनं दाखवत फिरला होता. पहिल्याच्या बुडाला चीर, ती त्याने दहा हातांवरून ओळखली. दुसरं समुद्रात चाललेलं, बोल्टाबोल्टात मीठ. त्याला हातसुद्धा लावू दिला नाही. तिसरं निवृत्त विज्ञान शिक्षकांचं, गोड्या पाण्यातलं, फारसं न वापरलेलं. हेच घ्या ताई, म्हणाला. मोजणीचे पैसेही घेतले नाहीत.

“मग घोळ कोणी घातला, असं वाटतं तुला?”

“टेम्पोवाल्याने. काल मशीन आणताना वाटेत चहाला थांबला अर्धा तास. त्याच्या मेव्हण्याचं भंगाराचं दुकान तिथेच आहे. इंजिन बदललं असणार.”

“अर्ध्या तासात? आमच्याकडे अर्ध्या तासात चादर बदलत नव्हती.”

तरी मावशीने टेम्पोवाल्याला फोन लावायला लावला.

“मॅडम, मी तीन चहा प्यायलो,” तो म्हणाला. “एका हातात कप, एका हातात फोन. इंजिन काढायला तिसरा हात कुठून आणू?”

मावशीने कागद मागितला. इंजिनावर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर, दोन्ही आकडा आकडा लावून वाचले. तेच इंजिन होतं.

“मग कालपासून आत्तापर्यंत मेलं कसं?” भाची म्हणाली. “रात्रभर टेम्पोतच होतं. कोणी सुरूसुद्धा केलं नाही.”

“ते बघू. काल काय काय झालं ते पहिल्यापासून सांग. गाळू नकोस काही.”

“दहाला पोचले. वस्ताद आधीच आले होते. मैत्रिणीने दिलेल्या यादीप्रमाणे मी इंजिनाला हात लावला. जुनं मशीन घेताना इंजिन गार असायला हवं. गार असताना सुरू झालं तरच खरं. जरा कोमट लागलं. वस्ताद म्हणाले, ऊन लागलंय. सुरू मात्र लगेच झालं. मग त्यांनी दोन्ही प्लग काढले, पहिल्या भोकात मीटरची नळी पिळून बसवली. मी बटण दाबलं, काटा टप्प्याटप्प्याने चढत दीडशेवर गेला.”

“दुसऱ्याचाही टप्प्याटप्प्याने चढला?”

“दुसऱ्याला ते मीटरकडे पाठ करून वाकले होते. मी बटण दाबलं, मग त्यांनी वळून दाखवला. दीडशे.”

“दोन्हींच्या मध्ये हवा सोडल्याचा आवाज आला?”

भाचीने डोळे मिटले. “नाही. ते बोलत होते. म्हणाले, जुळी भावंडं आहेत.”

मावशी उठली. “शिक्षक कुठे राहतात?”

शिक्षकांच्या शेडमध्ये प्रत्येक वस्तूला लेबल होतं. झाडूवर ‘झाडू’ लिहिलं होतं.

“सर, मशीन काल उन्हात होतं?”

“छे. इथेच असतं, तीन वर्षं. ऊन येतच नाही इथे, म्हणून तर त्या भिंतीला बुरशी आहे.” बुरशीलाही लेबल होतं.

“वस्ताद किती वाजता आले होते?”

“साडेआठला. नळाचं पाणी जोडून तासभर सुरू करत बसले. गिऱ्हाईक यायच्या आत मोकळं करतो, म्हणाले.”

“पूर्वी कधी दुरुस्ती?”

सरांनी फाइल काढली. एकच बिल होतं, गेल्या वर्षीचं. दुसऱ्या सिलिंडरला नवा पिस्टन. खाली वस्तादची सही.

“मला हे सांगितलं नाही कोणी,” भाची हळू म्हणाली.

“मला वाटलं, त्यांच्यामार्फतच आलात तर ठाऊक असेल,” सर गोंधळले.

“त्यानंतर चालवलंत?”

“एकदाच. उठलं नाही. मला वाटलं, माझं वय झालं. वस्तादांना सांगितलं, तर तेही म्हणाले, सर, आता हे वय नाही, विकून टाका, गिऱ्हाईक मी आणतो.” मग त्यांना हळूहळू उमगलं. “पोरी, तुझे पैसे मी आत्ता परत करतो.”

“पैशांवर उभी राहून चाचणी देऊ का, सर?” भाची म्हणाली आणि लगेच ओशाळली. साडेअकरा वाजले होते.

मशीन चढवलेला टेम्पो वस्तादच्या गॅरेजसमोर थांबला तेव्हा वस्ताद हात पुसत बाहेर आला.

“या ताई. काय, पळतंय ना?”

“दुसरा सिलिंडर साठ दाखवतो.”

“नवीन माणसाने जोरात हाणलं की असं होतं. काल तुम्हीच पाहिलात, दोन्ही दीडशे.”

“परत मोजता?” मावशीने विचारलं.

“शंभरदा मोजतो, काकू.” त्याने प्लग काढले, नळी पहिल्या भोकाकडे नेली.

“आज दुसऱ्यापासून,” मावशी म्हणाली.

वस्तादचा हात थांबला. “त्याने काय फरक पडतो?”

“पडत नसेल तर लावा की.”

त्याने लावली. भाचीने बटण दाबलं. काटा दोनदा उडी मारून साठवर बसला. इंजिन फिरत राहिलं, काटा हलेना.

मावशी एका टायरवर बसली. “आमच्या वॉर्डात एक नर्स होती. तिच्या तक्त्यावर बाराही खाटांचा रक्तदाब एकशेवीस. बाराव्या खाटेवरचा माणूस पहाटेच गेला होता. त्याचाही एकशेवीस. तेव्हापासून शेजारशेजारचे दोन आकडे हुबेहूब सारखे आले की मी आधी मोजणाऱ्याची नाडी बघते.”

“काकू, हे इंजिन आहे.”

“तेच सांगते. तुमच्या मीटरचा काटा चढला की तिथेच अडकून राहतो. बाजूचं बटण दाबून हवा सोडली तरच खाली येतो. काल पहिल्याचा दाब खरा होता, दीडशे. हवा न सोडता तीच नळी तुम्ही दुसऱ्यात बसवली. साठचा सिलिंडर दीडशेच्या काट्याला काय ढकलणार? काटा जागचा हलला नाही. तुम्ही पाठ फिरवलीत, बोलत राहिलात आणि पहिल्याचाच आकडा पुन्हा दाखवलात. ऊन म्हणालात, ते शेडमध्ये येत नाही. गार इंजिन सुरू होणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून दीड तास आधी जाऊन तापवलंत. टेम्पोवाल्याला इंजिन बदलता आलं नसतं, नंबर तोच आहे. सर स्वतःच्या वयाला दोष देत बसले होते. उरलं कोण?”

“मला त्यात काय मिळालं? फीसुद्धा घेतली नाही मी.”

“तिथेच तर खटकलं. पैसे न घेणाऱ्याला दुसरं काहीतरी हवं असतं. तुम्हाला हे मशीन सरांच्या दारातून हलवायचं होतं.” तिने बिल उलगडलं. “यातला पिस्टन तुमच्या हातचा आहे.”

वस्तादने बिल हातात घेतलं आणि आपल्या सहीवरून अंगठा फिरवला.

“तेलाची नळी,” तो म्हणाला. “दुसऱ्या सिलिंडरला तेल नेणारी बारीक नळी जोडायची राहिली. सर म्हणाले उठत नाही, तेव्हाच समजलं मला. पिस्टन घासून गेला होता.”

“उघडून दुरुस्त का नाही केलं?”

“उघडलं असतं तर काय झालं ते सांगावं लागलं असतं. सर ते फाइलला लावतात, काकू. वीस वर्षांत माझ्या हातून नळी राहिली नव्हती.”

“मग माझ्या गळ्यात मारलंत,” भाची म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. “मी सांगितलं होतं तुम्हाला, हे गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही. तुम्ही मान डोलावलीत. दुरुस्तीला किती वेळ?”

“पिस्टन मागवायला आठवडा.”

ती तिथेच फरशीवर बसली. गॅरेजातल्या घड्याळात एक वाजायला आला होता. मावशीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कोपऱ्यात बघितलं. तिथे कापडाखाली काहीतरी लांबोडकं होतं.

“ते काय?”

“ते माझं आहे,” वस्ताद घाईघाईने म्हणाला. “मी ते कोणाला देत नाही. धाकट्या भावालासुद्धा दिलेलं नाही.”

“देऊ नका. अदलाबदल करा. निळं तुमचं, हे हिचं. निळ्याला काय झालंय हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. नाहीतर सरांना लेबलं लावायची फार हौस आहे. तुमच्या दारासाठीही एखादं सुचेल त्यांना.”

वस्तादने एकदा कापडाकडे बघितलं आणि तो बाजूला सरला. भाची उठली. तिने कापड ओढलं. लाल, लख्ख मशीन होतं. तिने हात लावून इंजिन गार असल्याचं पाहिलं, गारच सुरू करून बघितलं आणि मग हात पुढे केला.

“मीटर.”

तिने दुसऱ्यापासून मोजायला घेतलं. मीटर डोळ्यांसमोर धरला. मध्ये बटण दाबून हवा सोडली, फुस्स झालं, काटा शून्यावर आला. मग पहिला. एकशे सत्तेचाळीस आणि एकशे बावन्न.

“आता खरं वाटतं,” मावशी म्हणाली. वस्तादने बिलाच्या पाठीवर अदलाबदल लिहून सही केली. पेन दोनदा अडलं. लाल मशीन टेम्पोत चढलं, तेव्हा तोही शेजारी चढून बसला.

चार वाजता मंडळींचा प्रमुख काठावर वही घेऊन उभा होता. लाल मशीन निळ्यापेक्षा फार दांडगं निघालं. पहिल्या खेपेला त्याने भाचीला उचलून बाजूला फेकलं. दुसऱ्या खेपेला ती गुडघ्यांपर्यंत आली आणि पुन्हा गेली. प्रमुखाने घड्याळ बघितलं.

“शेवटची संधी,” तो म्हणाला.

मावशीने डोळे मिटून घेतले. इंजिनाचा आवाज खोल गेला, मग एकदम वर चढला आणि चढलेलाच राहिला. शेजारून कोणीतरी पाण्यात शिरल्याचं ऐकू आलं.

तिने डोळे उघडले. भाची उभी होती. पाण्यावर सरळ, दूरच्या तरंगत्या पिंपाकडे निघालेली. आणि वस्ताद बुटांसकट कमरेएवढ्या पाण्यात घुसून दोन्ही हात हवेत नाचवत होता.

“गुडघे वाकवा, ताई. वळताना गुडघे. हां, आता सोडा त्याला मोकळं.”

भाचीने पिंपाला तीन फेऱ्या मारल्या. तिसरी एका हाताने. प्रमुखाने वही मिटली.

“सोमवारी सातला पाठवा तिला,” तो मावशीला म्हणाला आणि पाण्यातल्या माणसाकडे बघत थांबला. “हे कोण? वडील का?”

“नाही,” मावशी म्हणाली. “आरोपी.”