डाव्या हाताचा गिअर

खांद्यावर इस्त्रीचं टेबल घेऊन कुणी प्रेमात पडत नाही. मी पडले... म्हणजे अगदी लगेच नाही, पण सुरुवात तिथलीच.

२००६ चा ऑक्टोबर होता. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या अपार्टमेंटपासून दोन गल्ल्या सोडून एका घरापुढे जुन्या सामानाचा गराज सेल मांडला होता. प्रोजेक्टवर आलेल्या माझ्यासारख्या मुलीचा संसार असाच उभा राहतो — कुणाची खुर्ची, कुणाचा दिवा. मी इस्त्रीचं टेबल पसंत केलं, खांद्यावर टाकलं आणि वळले, तोच मागून आवाज आला.

"आई गं!"

टेबलाचा पाय कुणाच्या तरी कपाळाला लागला होता. उंच, चष्मेवाला, कपाळ चोळत उभा. आणि 'आई गं' म्हणतोय म्हणजे आपलाच.

"सॉरी, सॉरी! फार लागलं का तुम्हाला?"

त्याचे डोळे चमकले. "तू मराठी? इंडियाहून? ओके, सांग — गिअरची गाडी चालवतेस?"

ओळख ना पाळख, आणि एकदम 'तू'! नंतर कळलं, तो सगळ्यांनाच 'तू' म्हणतो. इथेच जन्मलेला, आईकडून मराठी शिकलेला. आईनं त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नाही, मग त्याला ते येणार कुठून?

"चालवते म्हणजे काय!" मी टेबल खाली ठेवलं. "नागपूरला धंतोलीत माझ्या वडिलांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. अर्धं नागपूर आमच्या हाताखालून गेलंय."

तो निमिष. आणि त्याची अडचण गराजमध्ये उभी होती — १९७१ ची निळी कॉर्व्हेट. लांबलचक नाक, दोनच सीटा, आणि बसायचं तर जवळजवळ जमिनीवर. घरमालक वॉल्टर, पंचाहत्तरीचा ताठ म्हातारा, शेजारी हाताची घडी घालून उभा होता. गाडी त्यानं पस्तीस वर्षं स्वतः चालवली होती, आता गुडघे क्लच दाबू देत नव्हते.

"भाव ठरलाय," निमिष मला हळूच म्हणाला, "पण त्याची एक अट आहे. जो स्वतः चालवत नेईल त्यालाच विकणार. ट्रेलरवर घालून नेणाऱ्याला नाही. अँड आय कान्ट ड्राइव्ह स्टिक."

"मग घेताय कशाला?"

"बाबांसाठी. एकाहत्तर साली ते दोन बॅगा घेऊन शिकागोला आले. कॉलेजच्या रस्त्यावर शोरूममध्ये हीच गाडी होती. रोज काचेला नाक लावून बघायचे. मग लग्न, मी, फॅमिलीसाठी स्टेशन वॅगन... या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते साठ वर्षांचे होतात."

हे सांगताना तो गाडीच्या नाकावरची धूळ बाहीनं पुसत होता. मला गाड्यांचं वेड नाही, पण असा मुलगा पाहिला की कुणाचंही मन पाघळतं.

मी पुढे झाले. "मी चालवून दाखवते." वॉल्टरनं भुवया उंचावत किल्ली दिली. ऐटीत आत बसले, गाडी सुरू केली, क्लच दाबला, डावा हात गिअरवर नेला आणि जोरात ओढला —

काचेचा दांडा फिरला आणि दाराची काच खाली आली.

आपल्याकडे गिअर डाव्या हाताला. इथे सगळं उलटं, डाव्या हाताला दार! वॉल्टर गुडघे धरून हसला. निमिषनं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो प्रयत्न अगदीच फसला. मी लाल झाले, उजवा हात गिअरवर ठेवला आणि ओल्या पानांवरून गाडी अख्खा ब्लॉक फिरवून आणली. एकदाही बंद न पाडता, हं.

वॉल्टर खूश झाला. निमिषला म्हणाला, दर शनिवारी सकाळी तासभर हिच्याकडून शिक. महिनाअखेर एकट्यानं ब्लॉक फिरवून आण, गाडी तुझी. पण त्याच दिवशी दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय, शोकेसमध्ये गाड्या ठेवणारं. मग माझा नाइलाज.

अशी मी शिक्षिका झाले. शनिवारी रिकाम्या असणाऱ्या एका ऑफिसच्या पार्किंगमध्ये आमचा वर्ग भरायचा. पहिल्याच दिवशी एक गंमत लक्षात आली. मी शेजारच्या सीटवर बसले, तर माझा डावा हात आपसूक गिअरवर! जन्मभराची सवय इथे अगदी बरोबर जागी येऊन बसली होती.

"क्लच," मी म्हणायचे. तो दाबायचा. गिअर मी टाकायचे. "हळू सोडा... हाफ क्लच... हं!" आणि गाडी लोण्यासारखी निघायची.

"वी आर गुड!" तो ओरडायचा.

"आपण नाही, मी गुड आहे. तुम्ही फक्त पाय हलवताय."

"तू मला 'तुम्ही' का म्हणतेस? मला वाटतं, मागे आणखी कुणी बसलंय."

"बरं. तू फक्त पाय हलवतोस."

"दॅट्स बेटर," तो म्हणाला. कानांपर्यंत हसला.

माझे बाबा म्हणतात, शिकवणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी हात मागे घ्यावा, नाहीतर शिकणारा पांगळा होतो. मला हे पाठ आहे. पण दुसऱ्या शनिवारी तिसरा गिअर टाकताना त्याचा हात चुकून माझ्या हातावर आला आणि... तिथेच राहिला. एक क्षणभर. बाहेर भुरभुर पाऊस, काचांवर आमच्याच श्वासांची वाफ, जुन्या लेदरचा आणि पेट्रोलचा वास. दोघंही समोर बघत होतो. समोर काहीही नव्हतं.

त्या दिवसापासून मी हात मागे घेतलाच नाही.

तिसऱ्या शनिवारी मी सांगून टाकलं, "प्रोजेक्ट संपतोय. कंपनी मला अर्विंगला पाठवतेय. टेक्सास. तीस तारखेला, सोमवारी फ्लाइट."

तो नुसतं "ओके" म्हणाला. केमिस्ट्रीचा मास्तर, हायस्कूलच्या पोरांपुढे दिवसभर बोलतो, आणि मला म्हणाला काय तर "ओके"! घरी येऊन मी त्या बिचाऱ्या इस्त्रीच्या टेबलावर राग काढला, सहा कुर्ते इस्त्री केले.

शेवटचा शनिवार उजाडला. निमिष नवा शर्ट घालून आलेला. घरी पाहुणे जमत होते, त्याचे बाबा काही न कळता लाडू खात बसले असणार. वॉल्टरनं मला हातानं बाजूला व्हायची खूण केली. "आज तो एकटा."

निमिष आत बसला. इंजिन सुरू झालं. क्लच दाबला... आणि गाडी जागच्या जागी गुरगुरत राहिली. त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरच होता. तो वाट पाहत होता — माझ्या हाताची.

मग भानावर येऊन त्यानं गिअर टाकला, पण भलताच. गाडी उसळी मारून बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. पुन्हा. वॉल्टरनं घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

मी धावत गेले आणि खिडकीशी वाकले.

"निमिष, चूक तुझी नाहीये. तुला येत नाही कारण मी तुला गिअर कधी टाकूच दिला नाही."

"व्हॉट?"

"पहिला शनिवार प्रामाणिक होता. नंतर मला हात काढायला हवा होता, कळत होतं मला. पण माझा हात तिथे असला की कधी कधी तुझा हात... मला ते सोडवेना. मला तू आवडतोस. घे, बोलले. आणि त्यापायी मी तुझी गाडी घालवली."

त्यानं किल्लीवरचा हात काढला. मग खाली बघून म्हणाला, "हे बाबांसाठी होतं, नेत्रा." ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी पण टीचर आहे. मुलांचे पेपर मी लिहून दिले तर..."

"काढून टाकतील."

"हो."

रडू आलं, पण रडायला नंतर अख्खं टेक्सास पडलं होतं. मी वॉल्टरकडे वळले, म्हटलं, अर्धा तास द्या. चूक शिकवणारीची आहे. त्याला आमच्या भांडणातलं अक्षरही समजलं नसेल, पण तो मला एकदा, त्याला एकदा न्याहाळून म्हणाला, "अर्धाच."

मी खिडकीतून आत वाकले, निमिषचा उजवा हात धरला आणि गिअरवर ठेवला. "हा तुझा हात. वर म्हणजे पहिला. चुकलास तर चुक, थांबू नकोस." आणि मागे सरकले.

गाडी दोन गचके खाऊन निघाली. कोपऱ्यावर बंद पडली. सुरू झाली. वळली आणि दिसेनाशी झाली.

ब्लॉकला तीन मिनिटं लागतात. पाच झाली, दहा झाली. समोर ट्रेलर जोडलेली एक गाडी येऊन उभी राहिली, आतून ते दुसरं गिऱ्हाईक उतरलं, सूटबूटवाला. मी मनातल्या मनात नागपूरच्या टेकडीच्या गणपतीला जे जे कबूल केलं ते इथे सांगत नाही. पंचविसाव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज ऐकू आला. दुसऱ्यात, मग पहिल्यात, सावकाश, कॉर्व्हेट आत वळली आणि वॉल्टरच्या बुटांपासून हातभर अंतरावर थांबली.

वॉल्टरनं सूटवाल्याला नुसता हात हलवून निरोप दिला. कागदांवर सही करताना त्याचे डोळे पाणावले होते. तो म्हणाला, थंडीमुळे.

"एवढा वेळ कुठे होतास?" मी निमिषला विचारलं. विचारायचा हक्क उरला होता की नाही कुणास ठाऊक.

"ब्लॉक झाला फोर मिनिट्समध्ये," तो म्हणाला. "मग मी आणखी फिरलो. एक वाक्य बनवत होतो. मराठीत. मला इंग्लिशमध्ये नको होतं ते."

"...बनलं?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी तुझ्यावर रागावलोय. आणि मला तू हवी आहेस. दोन्ही खरं आहे." मग घाईघाईनं म्हणाला, "त्या दिवशी मी 'ओके' म्हटलं कारण बाकीचं मराठीत सुचलं नाही. तू अर्विंगला जा, काम आहे तुझं. साडेनऊशे मैल आहेत, मी बघितलंय. मी येईन."

"या गाडीनं? रस्त्यात बंद पडेल."

"पडू दे. मला आता सुरू करता येते."

मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून. घरापर्यंत सगळे गिअर त्यानंच टाकले. दोन चुकले. मी मांडीवरचा हात हलवला नाही.

हॉर्न ऐकून निमिषचे बाबा, श्रीरंगकाका, हसत दारात आले. त्यांनी निळ्या टपावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग डोळे पुसत आत वाकून पाहिलं, तर सीटवर मी.

"ही कोण रे?"

"बाबा, ही नेत्रा," निमिष म्हणाला. "हिनं मला गाडी शिकवली."

"नाही हो काका," मी म्हटलं, "मीच शिकू दिली नाही."

काकांना काही उमगलं नाही. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या निमिषच्या आईनं, सीमाकाकूंनी, माझ्याकडे पाहिलं, निमिषकडे पाहिलं, आणि काही न विचारता आत जाऊन चहाला आणखी एक कप पाणी वाढवलं.