तेलवाल्या बाई

वाफ अशी किंचाळेल हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शेडमधल्या जुन्या इंजिनाजवळ ती गेली, आणि वरच्या झडपेतून असा काही लोट सुटला की हातातली पिशवी खाली पडली आणि ती मागे सरकून थेट कुणाच्या तरी अंगावर आदळली.

"घाबरू नका. नवीन माणूस दिसलं की म्हातारी असंच करते."

तो इंजिनाचा फायरमन होता, भट्टीत कोळसा टाकणारा. कोळशाने काळ्या झालेल्या चेहऱ्यात हसू तेवढं पांढरं. तिच्या बाहीवर त्याची पाचही बोटं उमटली होती. ती झटकायला तो पुढे झाला, हाताकडे बघून थबकला... आणि दोघंही हसली.

ती इंधनांची इंजिनियर. सहलीच्या प्रवाशांना डोंगरावर नेणाऱ्या त्या छोट्या रेल्वेला कोळसा मिळेनासा झाला होता, म्हणून रेल्वेच्या संचालक मंडळाने तिला बोलावलं होतं. दोन पर्याय होते: लाकडी भुशाच्या दाबून केलेल्या विटा, नाहीतर हॉटेलांतलं वापरून झालेलं तळणाचं तेल. विटा भट्टीत टाकायला फायरमन लागणार होता. तेलाला नुसता एक नळ – तो ड्रायव्हरच फिरवणार. हे दोघांनाही ठाऊक होतं, पण बोलायचं मात्र दोघंही टाळत होती.

तो तिला तेलवाल्या बाई म्हणायचा, ती त्याला कोळसेबुवा. ज्वाळेचा रंग कसा ओळखायचा ते तो तिला शिकवायचा. फावडं धरताना तिचा हात चुकला की त्यावर स्वतःचा हात ठेवायचा, आणि काढायला विसरायचा. ड्रायव्हर म्हणजे त्याचे सख्खे मामा. त्यांना अशा वेळी नेमकं बाहेर काहीतरी दिसायचं.

"म्हातारी तेलावर चालली, तर?" एकदा त्याने विचारलं.

"तर तुमचे कपडे स्वच्छ राहतील."

"आणि तुमच्या बाह्या?"

तिने बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. कानांच्या पाळ्या मात्र गरम झाल्या.

चाचणीत विटांनी दगा दिला. चढावर त्यांचा भुगा झाला, जाळीत राख तुंबली, धुरांड्यातून उडालेल्या ठिणग्यांनी रुळाकडेचं गवत पेटलं. मामांनी गाडी थांबवली, त्याने उडी मारून ओल्या पोत्याने आग विझवली. तेलावर मात्र इंजिन तोच चढ कुरकुर न करता चढून गेलं.

मंडळाला सांगण्याआधी तिने निकाल त्याला सांगितला. मान खाली घालूनच.

"खोटं सांगितलं असतंत तर मला आवडलं नसतं," तो म्हणाला. मग फावडं भिंतीला टेकवत – "पण तुम्ही खोटंच सांगावं असं वाटलं होतं, हेही खरं."

दूरच्या एका रेल्वेत अजून कोळसा जळत होता. तिथे त्याला काम मिळालं. निघायच्या दिवशी तो तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला, आत आला नाही.

"तुम्ही थांब म्हणालात तर थांबेन. तिकिटं फाडेन, डबे पुसेन... काहीही करेन."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. ते हात तिकिटं फाडताना तिच्या डोळ्यांसमोर आले.

"तुम्हाला करमणार नाही इथे," ती म्हणाली.

मला करमणार नाही, असं म्हणायचं होतं. एका शब्दाचा फरक. तो मान हलवून जिना उतरला.

पुढच्या वर्षी त्या दूरच्या रेल्वेकडून तिला बोलावणं आलं. त्यांनाही तेलाची भट्टी बसवून हवी होती. तो दिसेल, या विचाराने तिने ते बोलावणं पुन्हा पुन्हा वाचलं. पण पुन्हा आपणच जाऊन त्याच्या हातातलं फावडं काढून घ्यायचं? तिने नकार कळवला. त्याचं भलं केलं, अशी मनाची समजूत घातली.

नंतर मामा भेटले. भट्टी दुसऱ्याच कुणीतरी बसवली होती. भट्टीवरचं काम गेल्यावर तो एका बोटीवर लागला होता. कुठल्या, ते त्यांनाही नीट सांगता येईना.

"तुम्ही गेला असतात तर बरं झालं असतं हो," मामा म्हणाले. "तुमचं नाव त्यानेच सुचवलं होतं."