पाळण्याची पोटवाट

सावरटोल्यात आता कुणी दार वाजवत नाही. वाजवायला दारंच उरलेली नाहीत! सागवानाला शंभर वर्षं कुठल्या वाळवीनं तोंड लावलं नव्हतं. परदेशी खोक्यांतून आलेल्या काचवाळवीनं ते वर्षात फस्त केलं.

वाळवी-तपासनीस डॉ. अनघा वैरागडे गोणपाटाचा पडदा सारून गिरजाबाई लेनगुऱ्यांच्या घरात शिरली. गिरजाबाईंचा पाळणा चाळीस गावांत पायगुणाचा! बारसं म्हटलं की तोच हवा. लाखेच्या रंगाआड अजून साबूत दिसे, आत नुसता भुसा. वाळवी त्याच्यातूनच घरोघर पोचली होती.

"पाळणा गेला ते अकराच घरं होय, म्याडम."

"बारा आहेत, आजी."

अनघा ठामपणे सांगू शकत होती, ते पोटवाटेमुळे. काचवाळवीच्या पोटातले सूक्ष्मजंतू तिनं खाल्लेल्या प्रत्येक घराची खूण ओळीनं जपून ठेवतात. एक वाळवी तपासा, अख्खा प्रवास वाचा!

"सातव्या-आठव्याच्या मधलं घर तुम्ही गाळलंत. दोन दिवसांनी तिथल्या वाळवीला पंख फुटतील. मग समोरचं रान संपलं. वाळवीला खोटं बोलता येत नाही, आजी."

"माणसाले येते. म्हणून तं माणसं एका गावात राहतात, व माय."

गिरजाबाईंना नियम माहीत होता. भोंग्यावरून वाळवीच्या घराचं नाव वाचायचं, कुणाच्या बारशाला पाळणा गेला तेही वाचायचं, मगच पंचांसमोर घर जाळायचं. सकाळी अकरा नावं अनघानंच वाचली होती, खणखणीत आवाजात.

"माझं घर जाळा. पण त्या पोरीले शब्द देल्ला मी. लगन नाई झालं तिचं."

"मग यंत्रच सांगेल."

बाळाची लाळ पाळण्याला लागते, लाकडाबरोबर वाळवी तीही खाते. अनघानं सातव्या-आठव्यामधली खूण लाळेवरून माणूस ओळखणाऱ्या यंत्रात घातली. पडद्यावर लाल अक्षरं आली: नमुन्यात तपासनीसाची लाळ मिसळल्याची शक्यता.

"छे! तोंडाला मास्क होता की!"

तिनं पुन्हा तपासलं. या वेळी यंत्रानं नीट फोड करून दिली. लाळ तिची नव्हती. तिच्या सख्ख्या भाचराची होती.

अनघाला भावंड एकच. बहीण केतकी. इथून जवळच राजुऱ्याला खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करत होती. दिवाळीलासुद्धा घरी आली नव्हती. बाबा कौतुकानं सांगत सुटले होते, पोरगी मान वर करत नाही म्हणून.

"आजी... केतकीचं बाळ कुठाय?"

"तिच्याचजवळ. त्याच खोलीत." गिरजाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुह्यासारखंच नाक हाय. बारशाले आम्ही दोघीच होतो. गाणं बी हळूच म्हटलं."

फोन वाजला. तहसीलचे साहेब.

"म्याडम, भोंगा तयार आहे. बारावं नाव सापडलं का?"

खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून सागाचं रान दिसत होतं, हिरवंगार, आणखी दोन दिवस.

"माझी मोजण्यात चूक झाली, साहेब," अनघा म्हणाली. "अकराच आहेत."